खंडाची वही आणि गांवची आठवण

आयर्लंडचा इतिहास महाराष्ट्रास परका नाहीं. कै. नरसिंह चिंतामण केळकर यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या देशाचा इतिहास मराठींत लिहिला, तेव्हांपासून पार्नेल, डेव्हिट, होमरूल, लँड लीग हीं नांवें सुशिक्षित मराठी कुटुंबांत परिचयाचीं झालीं. तथापि आपण जो इतिहास वाचला तो बव्हंशीं पुढाऱ्यांचा, पार्लमेंटांतील भाषणांचा आणि कायद्यांच्या कलमांचा. ज्या शेतकऱ्यांच्या नांवानें हीं भाषणें झालीं, त्यांच्या घरांत संध्याकाळीं विस्तवाभोंवतीं बसून जमीनदाराविषयीं काय बोललें जात असे, हें त्या ग्रंथांत सांपडत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. आयर्लंडच्या खेड्यांनीं आपल्या जमीनदारांची आठवण कशी ठेवली, आणि त्या आठवणीवर इतिहासाच्या अभ्यासकानें कितपत विसंबावें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

ह्या आठवणी आज वाचावयास मिळतात याचें श्रेय बऱ्याच अंशीं शाळकरी मुलांना आहे. १९३५ सालीं स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारनें लोककथा आणि जुन्या चालीरीती जमविण्यासाठीं एक मंडळ नेमलें. जेम्स डेलार्गी हे त्याचे संचालक होते. ह्या मंडळानें १९३७ ते १९३९ या काळांत एक नामी युक्ति योजिली. प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांनीं घरच्या व शेजारच्या वृद्धांस प्रश्न विचारावे, मिळालेली माहिती वहींत लिहून आणावी, आणि त्यांतील निवडक मजकूर शाळेच्या एका मोठ्या वहींत उतरवून घ्यावा, अशी ती योजना होती. सुमारे ५,००० शाळांतील सुमारे ५०,००० मुलें या कामीं लागलीं आणि लाखों पानें भरलीं. उत्तर आयर्लंडचे सहा परगणे तेवढे या योजनेंत नव्हते. मुलांना दिलेल्या विषयांत दुष्काळ हा एक विषय होता आणि जमीनदार हा दुसरा. त्या वह्या आतां संगणकाच्या द्वारें कोणासहि घरबसल्या पाहतां येतात, आणि सुटीच्या दिवसांत त्यांचीं पानें चाळण्याचा मला अलीकडे नाद लागला आहे.

१९३७ मध्यें पंचाहत्तर वर्षांचा असलेला आजोबा १८८० च्या शेतकरी-लढ्याच्या वेळीं अठरा वर्षांचा होता, आणि त्याच्या आईबापांनीं १८४५ पासूनचा बटाट्याचा दुष्काळ डोळ्यांनीं पाहिलेला होता. म्हणजे दुष्काळांतील झोंपडी आणि मुलाची वही यांच्यामध्यें दोनच तोंडांचें अंतर होतें. शिवाय मुलें लिहीत होतीं त्या वेळीं जमिनीचा प्रश्न पुरता मिटलेलाहि नव्हता. कुळांनीं जमिनी विकत घ्याव्या म्हणून ब्रिटिश सरकारनें पूर्वीं जें कर्ज दिलें होतें, त्याचे हप्ते लंडनला पाठविण्याचें डी व्हॅलेरा यांनीं १९३२ सालीं थांबविलें. त्यावरून दोन्ही देशांत जकातींचें युद्ध जुंपलें, गुरांचे भाव कोसळले, आणि १९३८ च्या करारानें तें प्रकरण एकदांचें संपलें. आजोबा खंडाच्या गोष्टी सांगत आहेत आणि बाप बाजारांत न खपलेलें वासरूं परत घेऊन येत आहे, अशाहि घरांत त्या वह्या लिहिल्या गेल्या असतील. त्या वाचतांना एवढें ध्यानांत ठेवावें.

आठवणी कळण्यासाठीं आधीं व्यवस्था थोडी कळली पाहिजे. सोळाव्या व सतराव्या शतकांतील बंडें आणि युद्धें यांच्या अखेरीस आयर्लंडांतील बहुतेक जमीन जप्त होऊन इंग्रज व स्कॉट वंशाच्या प्रॉटेस्टंट घराण्यांच्या हातीं गेली. कसणारे लोक बव्हंशीं कॅथलिक राहिले. १८७० च्या सुमारास स्वतःच्या मालकीची जमीन कसणारे शेतकरी शेंकडा तीनच होते. बाकीचीं सारीं कुळें. त्यांतील पुष्कळांस लेखी करार नसे. सालोसाल चालेल तोंवर चालावें आणि नोटीस आली कीं उठावें, हाच करार. खंड वर्षांतून दोनदां, बहुधा मे आणि नोव्हेंबर महिन्यांत, भरावयाचा. नव्या कुळाकडून पहिल्या सहामाहीचा खंड ताबडतोब न घेतां तो मागें लोंबकळत ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं होती. वरवर पाहतां ही सवलत दिसते. वस्तुतः तिच्यामुळें कूळ पहिल्या वर्षापासून थकबाकीदार ठरे, आणि थकबाकीदारास केव्हांहि काढतां येई. कुळानें दगड वेंचून, चुना टाकून, चर खणून माळाचें शेत केलें, तरी १८७० पर्यंत अल्स्टर प्रांताबाहेर त्या मेहनतीचा मोबदला मागण्याची सोय जवळजवळ नव्हती. उलट शेत सुधारलें म्हणून खंड वाढण्याची भीति. कांहीं जमीनदाऱ्यांत धन्याच्या शेतावर ठराविक दिवस फुकट राबावें लागे आणि सणासुदीस कोंबडीं-बदकें वाड्यावर पोंचवावीं लागत. आपल्याकडील वेठीची ज्यांस माहिती आहे त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

म्हणूनच त्या आठवणींत एक प्रसंग वारंवार भेटतो. कारभारी गांवांत येणार अशी कुणकुण लागली कीं घरची मुलगी अंगावरचा चांगला झगा उतरवून फाटका चढविते; भिंतीला चुना लावण्याचें मनांत असूनहि बाप लावीत नाहीं, कारण पांढरी भिंत दिसली कीं खंड वाढावयाचा. गरिबी ही त्या लोकांची अवस्था तर होतीच, पण कांहीं अंशीं ती त्यांचें चिलखतहि होती. बाहेरून येणाऱ्या इंग्रज प्रवाशांनीं आयरिश शेतकऱ्याच्या आळसाविषयीं आणि गलिच्छपणाविषयीं पुष्कळ लिहिलें आहे. त्यांतील कितीजणांच्या लक्षांत आलें असेल कीं आपणांस पाहूनच हीं माणसें अधिक फाटकीं होत आहेत?

आतां दुसरी बाजू पाहूं. जमीनदारांच्या कचेऱ्यांतील खंडाच्या वह्या, पत्रव्यवहार आणि न्यायालयाचे कागद मोठ्या संख्येनें शिल्लक आहेत, आणि गेल्या अर्धशतकांत इतिहासकारांनीं ते बारकाईनें तपासले आहेत. डब्लिनचे डब्ल्यू. ई. वॉन यांचें ह्या विषयावरील मोठें पुस्तक १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. दुष्काळाची लाट ओसरल्यावर, म्हणजे १८५० नंतरच्या दशकांच्या मध्यापासून १८७० नंतरच्या दशकाच्या अखेरपर्यंत, खंड शेतमालाच्या किंमतींच्या मानानें बेतानेंच वाढले, आणि कुळांना काढून टाकण्याचे प्रकार समजूत आहे त्याहून पुष्कळ कमी झाले, असें त्यांच्या संशोधनावरून दिसतें. कित्येक जमीनदार रक्तपिपासु नसून केवळ निष्काळजी व कर्जबाजारी होते. मग खेड्यांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली गेलेली जुलमाची कहाणी खोटी म्हणावयाची काय?

मला तसें वाटत नाहीं. वहींत घडलेल्या गोष्टीची नोंद होते. घडूं शकणाऱ्या गोष्टीची होत नाहीं. एखाद्या गांवांत तीस वर्षांत एकच घर पाडलें गेलें असेल, तर सरकारी तक्त्यांत त्याचा आंकडा एक. परंतु त्या एका घराच्या उघड्या भिंतींजवळून बाकीच्या चाळीस घरांतील माणसें रोज चर्चला जात, रोज बाजाराला जात, आणि प्रत्येक मे महिन्यांत तिकडे पाहत. भीतीचा हिशेब सरासरीनें होत नसतो. गांवच्या आठवणीनें आंकडे चुकविले असतील, सालें तर ती हमखास चुकविते; पण त्या व्यवस्थेंत राहणें कसें होतें, हें वहीपेक्षां तिलाच अधिक नीट कळलें होतें.

ह्या आठवणीचा दुसरा गुण असा कीं, ती सरसकट बोलत नाहीं. पश्चिमेकडील मेयो परगणा घ्या. दुष्काळांत ह्या परगण्याची लोकसंख्या १८४१ च्या सुमारें ३ लाख ८९ हजारांवरून १८५१ मध्यें पावणेतीन लाखांपर्यंत उतरली. तेथील कॅसलबार गांवचा धनी तिसरा अर्ल ऑफ ल्यूकन. इंग्रजी शाळेंत शिकलेल्या माझ्या पिढीनें बालाक्लाव्हाच्या रणांगणावर तोफांच्या तोंडीं गेलेल्या सहाशें स्वारांवरची टेनिसनची कविता पाठ केलेली आहे. १८५४ च्या त्या युद्धांत इंग्रजी घोडदळाचा वरिष्ठ सेनापति होता तो हाच ल्यूकन. त्याच्या आठ वर्षें आधीं त्यानें आपल्या जमीनदारींत दुसरीच मोहीम चालविली होती. १८४६ ते १८४९ या काळांत एकट्या बॅलिनरोबच्या परिसरांत त्यानें तीनशेंहून अधिक झोंपड्या पाडून सुमारें दोन हजार माणसें बाहेर काढलीं आणि मोकळ्या झालेल्या जमिनीचीं मोठीं कुरणें करून तीं भाड्यानें दिलीं. ल्यूकनला तेथें मिळालेल्या उपनांवाचा अर्थ 'निर्मूलन करणारा' असा होतो. आमच्या पाठ्यपुस्तकाला बॅलिनरोब माहीत नव्हतें. मेयोच्या शेतकऱ्याला बालाक्लाव्हाशीं कर्तव्य नव्हतें. एका माणसाचीं दोन चरित्रें अशीं दोन ठिकाणीं वेगळीं राहिलीं.

ह्या घराण्याची एक आठवण तर आपल्या हयातींतील आहे. १९७४ च्या नोव्हेंबरांत ह्याच वंशांतील सातवा अर्ल, लंडनमधील घरीं मुलांच्या दाईचा खून झाल्यानंतर, जो नाहींसा झाला तो पुन्हा कोणास दिसला नाहीं. कॅसलबारमधील कित्येक घरांच्या जागेचें भाडें तोंपर्यंत ल्यूकन घराण्याकडे जात असे. तेथील लोकांनीं तें देणें बंद केलें आणि 'धनी स्वतः मागावयास आले म्हणजे देऊं' असें म्हटलें, अशी गोष्ट सांगतात. सव्वाशें वर्षांपूर्वीं काढून दिलेल्या कुळांचा राग त्या थट्टेंत कुठें तरी असावा.

त्याच परगण्यांत, बॅलिनरोबपासून कांहीं मैलांवर, कॅरा सरोवराच्या कांठीं मूर हॉल नांवाचा वाडा आहे. येथील मूर घराणें कॅथलिक. त्यांतील एक जॉन मूर १७९८ च्या बंडांत फ्रेंच सेनापतीनें नेमलेला कॉनॉट प्रांताचा अध्यक्ष होता. दुष्काळाच्या वेळचा धनी जॉर्ज हेन्री मूर हा घोड्यांच्या शर्यतींचा शोकी. १८४६ सालीं त्याच्या 'कोराना' नांवाच्या घोड्यानें चेस्टरची मोठी शर्यत जिंकली आणि त्याच्या हातीं घबाड आलें. त्यांतील मोठा भाग त्यानें आपल्या कुळांसाठीं धान्य आणण्यांत खर्च केला. मूरच्या जमिनीवर दुष्काळांत कोणी भुकेनें मेलें नाहीं आणि कोणास घरांतून काढलें नाहीं, असें तेथील लोक सांगत आले आहेत. हें विधान अक्षरशः खरें असेल वा नसेल. पण ज्या लोकांना ल्यूकन शेजारीं लाभला होता, त्यांनीं मूरची आठवण निराळ्या कप्प्यांत ठेवली, ही गोष्ट लहान नाहीं. चळवळीच्या व्यासपीठावर 'जमीनदार' ही एकच जात असते. गांवाला मात्र हा जमीनदार आणि तो जमीनदार यांतला फरक ठाऊक असतो.

तिसरें असें कीं, खेड्याच्या आठवणींत धन्यापेक्षां कारभारी मोठा. धनी पुष्कळदां लंडनला किंवा दुसऱ्या परगण्यांत. सही त्याची, पण दारांत उभा राहावयाचा तो कारभारी आणि त्याचा बेलिफ. याचें जगप्रसिद्ध उदाहरण ह्याच बॅलिनरोबजवळ घडलें. मास्क सरोवराच्या कांठची जमीन लॉर्ड अर्न याची. तो राही दूर फर्मॅना परगण्यांत. त्याचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. १८८० सालीं पीक बेताचें आल्यामुळें कुळांनीं खंडांत शेंकडा पंचवीस सूट मागितली. धनी शेंकडा दहाच्या वर जाईना, आणि बॉयकॉटनें नोटिसा काढल्या. त्याच्या आदल्या वर्षीं मायकेल डेव्हिटच्या पुढाकारानें लँड लीग स्थापन झाली होती. हा डेव्हिट मेयोमधल्याच स्ट्रेड गांवचा. तो चार वर्षांचा असतां, १८५० सालीं, त्याच्या आईबापांना घरांतून काढण्यांत आलें होतें. पुढें लँकेशायरच्या गिरणींत अकराव्या वर्षीं त्याचा उजवा हात गेला. लहानपणच्या आठवणीचें राजकारण कसें होतें याचा याहून ठळक दाखला शोधावयास नको. लीगचा उपदेश असा कीं मारूं नका, एकटें पाडा. बॉयकॉटचे नोकर गेले, लोहार गेला, धोबीण गेली, दुकानदार माल देईना. शेवटीं अल्स्टरमधून पन्नास मजूर आणि त्यांच्या रक्षणार्थ सुमारें हजार शिपाई आले व बटाटे-सलगम काढून गेले. सुमारें पांचशें पौंडांच्या पिकापायीं दहा हजार पौंड खर्च झाले असें सांगतात. ह्या प्रकारास नांव काय द्यावें असा प्रश्न पडला, तेव्हां विद्वत्तेचा शब्द शेतकऱ्यांस समजणार नाहीं म्हणून फादर ओमॅली या गांवच्या धर्मगुरूनें कारभाऱ्याचें आडनांवच क्रियापद म्हणून सुचविलें. पंचवीस वर्षांनीं, १९०५ सालीं, वंगभंगाच्या चळवळींत तोच शब्द पुण्याच्या वर्तमानपत्रांत आणि सभांत दुमदुमला. लॉर्ड अर्न कोण, हें आज किती जणांस सांगतां येईल? कारभाऱ्याचें नांव मात्र जगभरच्या कोशांत जाऊन बसलें.

कारभाऱ्यांपैकीं एकानें तर आपलें चरित्र स्वतःच लिहून ठेवलें आहे. केरी परगण्यांतील केनमेअर येथें लॅन्सडाउन घराण्याच्या जमिनीचा कारभार विल्यम स्ट्यूअर्ट ट्रेंच याजकडे होता. १८६८ सालीं त्यानें आयरिश जीवनावर प्रसिद्ध केलेलें पुस्तक इंग्लंडांत पुष्कळ वाचलें गेलें. त्यांत तो आपणांस उपकारकर्ता म्हणून उभा करतो. दुष्काळानंतर अनाथगृहांत पडलेल्या चार हजारांहून अधिक लोकांना धन्याच्या खर्चानें अमेरिकेस पाठवून आपण जमीनदारी वांचविली, हा त्याचा अभिमानाचा विषय. केनमेअरची आठवण निराळी आहे. कारभाऱ्याच्या परवानगीवांचून कुळाच्या मुलाचें लग्न होऊं शकत नसे, आणि बेघर झालेल्या नातलगास रात्रीपुरता आसरा दिला तरी स्वतःचें घर जाण्याची भीति असे, असें लोक सांगत. पुस्तकांत जें सुशासन तेंच चुलीपाशीं जुलूम. ह्या घराण्याचा पुढचा वारस, पांचवा मार्क्विस ऑफ लॅन्सडाउन, १८८८ ते १८९४ पर्यंत हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. त्याच्या आधींचा डफरिन अल्स्टरमधला जमीनदार. आणि १८७२ सालीं अंदमानांत मारला गेलेला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हाहि आयरिश जमीनदार घराण्यांतलाच. आपल्या रयतेच्या कायद्यांवर ज्यांच्या सह्या झाल्या त्यांच्या घरच्या कुळांनीं त्यांच्या घराण्यांविषयीं काय बोलावें, हें कळून घेण्यांत आपणांसहि थोडें स्वारस्य असावयास हरकत नाहीं.

न्यायासनापुढें ज्यांचें कांहीं चालत नाहीं त्यांची आठवण स्वतःचें न्यायासन मांडते. डोनेगल परगण्यांतील डेरीव्हे येथील हकीकत याचें उदाहरण. जॉन जॉर्ज अडेर यानें ह्या डोंगराळ भागांत जमीन विकत घेतली आणि स्कॉटलंडहून मेंढ्या व मेंढपाळ आणले. मेंढ्यांवरून कुरबुरी वाढल्या, १८६० च्या नोव्हेंबरांत त्याच्या एका कारभाऱ्याचा खून झाला, खुनी सांपडेना. अडेरनें सर्व दरीला जबाबदार धरलें, आणि १८६१ च्या एप्रिलांत तीन दिवसांत ४७ कुटुंबें, म्हणजे २४४ माणसें, पोलिसांच्या बंदोबस्तांत घराबाहेर काढलीं. त्यांतील कित्येक पुढें ऑस्ट्रेलियास गेलीं. अडेरवर कायद्यानें कांहीं झालें नाहीं. तें कृत्य कायदेशीरच होतें. मोकळ्या झालेल्या दरीजवळ, सरोवराच्या कांठीं, त्यानें पुढें ग्लेनव्हे नांवाचा किल्लेवजा वाडा बांधला. बेघर झालेल्यांपैकीं कोणीतरी त्या वास्तूला शाप दिला कीं येथें कोणा धन्याचा वंश नांदणार नाहीं, असें तेथें सांगतात. अडेर १८८५ सालीं निपुत्रिक वारला. पुढें वाडा घेणारे अमेरिकन प्राध्यापक आर्थर किंग्स्ली पोर्टर १९३३ सालीं जवळच्या बेटावरून नाहींसे झाले. त्यानंतरचे मालकहि निपुत्रिक. त्यांनीं तो सारा परिसर राष्ट्राच्या स्वाधीन केला, आणि तेथें आतां राष्ट्रीय उद्यान आहे.

इतिहासकार शाप मानीत नाहीं, आणि मींहि मानीत नाहीं. परंतु ज्या समाजाला फिर्याद करण्यास जागा नव्हती त्यानें शापाच्या रूपानें निवाडा लिहून ठेवला, आणि पुढच्या प्रत्येक घटनेस त्या निवाड्याची अंमलबजावणी मानलें, हें मात्र इतिहासाच्याच कक्षेंतलें आहे. ह्याच लोकांनीं अडेरच्या विधवेचें नांव मात्र दयाळु म्हणून राखलें. शाप वास्तूला होता. माणसाची पारख त्यामुळें बुजली नाहीं.

येथपर्यंत मी गांवच्या आठवणीची बाजू घेतली. पण तिचा एक दोष सांगितल्याशिवाय पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. ती धन्याविषयीं बोलते, कारभाऱ्याविषयीं बोलते. शेजाऱ्याविषयीं ती गप्प असते. १८४१ मध्यें एक ते पांच एकरांचीं शेतें सुमारें ३ लाख १० हजार होतीं असा आंकडा दिला जातो. १८५१ मध्यें तीं ८८ हजारांवर आलीं. त्याच दहा वर्षांत तीस एकरांवरचीं शेतें तिपटीनें वाढलीं. जुन्या गणतीचे आंकडे सदोष आहेत असें धरलें तरी दिशा स्पष्ट आहे. गरिबांची जी जमीन गेली ती सगळी वाड्याच्या कुरणांत गेली नाहीं; पुष्कळ तुकडे थोड्या बऱ्या स्थितींतील कुळांच्या बांधाआंत आले. शिवाय सर्वांत आधीं मेले ते शेतमजूर. एका हंगामापुरता बटाट्याचा तुकडा घेऊन पोट भरणारे. त्यांचा धनी अर्ल नव्हता. तो बहुधा शेजारचा शेतकरी, म्हणजे स्वतः कूळच होता.

ह्या गोष्टी वह्यांत फार थोड्या येतात. दुष्काळाच्या शताब्दीच्या वेळीं, १९४५ सालीं, त्याच मंडळानें वृद्धांकडून पुन्हा माहिती मागविली. कॉर्मॅक ओ ग्राडा या दुष्काळाच्या नामांकित इतिहासकारानें दाखविलें आहे कीं, अशा कथनांत मरणारे, भीक मागणारे, उकिरड्यावर अन्न शोधणारे हे बहुधा दुसऱ्यांच्या घरचे असतात. सांगणाराच्या स्वतःच्या घरचे क्वचित्. याचें कारण उघड आहे. जे समूळ नाहींसे झाले त्यांच्यामागें आठवण सांगावयास कोणी उरलें नाहीं. सांगणारे सारे वांचलेल्यांचे वंशज. शाळेच्या वहीसंबंधानें मला आणखी एक शंका येते. लॉर्ड साहेबांचें नांव मुलाला निर्भयपणें लिहितां येत होतें. त्यांचा वाडा पडला होता आणि जमीन वांटली गेली होती. परंतु काढून दिलेल्या कुळाचें शेत ज्यानें घेतलें, त्याचा नातू त्याच वर्गांत पुढच्या बांकावर बसलेला होता. वही गुरुजी वाचणार होते. अशा ठिकाणीं आजोबा 'तें राहूं दे, लिहूं नकोस' असें म्हणाले असतील, तर त्यांस दोष तरी कसा द्यावा?

१८८१ च्या कायद्यानें खंड न्यायाधिकाऱ्यांकडून ठरूं लागला. १९०३ च्या कायद्यानें सरकारी कर्जावर जमीन विकत घेण्याची वाट मोकळी झाली. आणि १९२३ च्या कायद्यानें उरलेली जमीनदारी सक्तीनें संपविली. दोन पिढ्यांत देशाची जमीन कुळांची झाली. एवढी मोठी उलथापालथ बहुतेक कायद्याच्या मार्गानें घडली हें त्या देशाचें भाग्य. मात्र शेतमजुरांस कायद्यानें बहुधा झोंपडीपुरती जागा मिळाली. आठवणींत ज्यांस जागा नव्हती त्यांस वांटणींतहि थोडीच मिळाली, हा योगायोग नव्हे.

शेवटीं पुन्हा मूर हॉलकडे वळतों. १९२० ते १९२३ या धामधुमीच्या वर्षांत, आज प्रजासत्ताक असलेल्या भागांत, सुमारें पावणेतीनशें वाडे जाळले गेले. १९२३ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस यादवी युद्धांत मूर हॉलहि जळाला. मालकाचा भाऊ मॉरिस मूर नव्या राज्याच्या सीनेटचा सभासद होता, एवढें कारण विरोधी पक्षाला पुरलें. कुळांसाठीं ज्या घरानें दुष्काळांत धान्य आणलें, त्याला गांवची कृतज्ञता वांचवूं शकली नाहीं. आज तेथें छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत आणि त्यांच्याभोंवतीं दाट रान आहे. २०१८ सालीं मेयोच्या परगणा-सभेनें ती वास्तु विकत घेतली. जाळणाऱ्यांच्या दृष्टीनें तो एक वाडा होता. गांवाच्या दृष्टीनें तो मूरचा वाडा होता. ह्या दोन शब्दप्रयोगांत जें अंतर आहे तेंच राजकारण आणि आठवण यांमधलें अंतर होय.

तेव्हां खंडाची वही आणि गांवची आठवण यांपैकीं एकीला खरी आणि दुसरीला खोटी ठरविण्याची घाई अभ्यासकानें करूं नये. वहीला भीति दिसत नाहीं. आठवणीला स्वतःचा चेहरा दिसत नाहीं. एकीचें वैगुण्य दुसरीनें भरून काढावें लागतें, आणि दोघींनीं मिळून जें सांगितलें नाहीं तें आंकड्यांच्या फटींतून शोधावें लागतें.

हा मजकूर जुळवीत असतां एक विचार मनास सारखा टोंचत राहिला, तो लिहून हा लेख संपवितों. आपल्याकडे १९४८ सालीं कुळकायदा झाला, १९४९ च्या कायद्यानें कोंकणांतील खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ ह्या दिवशीं कसणाऱ्याची जमीन झाली. अशा मासिकाचे वाचक ज्या घरांतून येतात, त्यांतील पुष्कळांच्या माजघरांत गेलेल्या जमिनीची हळहळ अजून ऐकूं येते. ती हळहळ खोटी नसते. परंतु ती एकाच बाजूची वही आहे. आपल्या आजोबांचें नांव कुळाच्या नातवानें कोणत्या कप्प्यांत ठेवलें असेल, हें त्यास विचारून लिहून घेणारी मुलें आपल्या शाळांनीं अजून पाठविलेलीं नाहींत. सांगणारे दरवर्षीं थोडे कमी होत आहेत. विचारावयाचें असेल तर आतांच विचारलें पाहिजे. आणि उत्तर ऐकून घेण्याची तयारीहि ठेवली पाहिजे.